न गायलेल्या ओव्यांची बातमी

परवा शहरातल्या एका सभागृहाचं नूतनीकरण होऊन उद्घाटन झालं. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. 'सोहळा उत्साहात संपन्न, रसिकांची अलोट गर्दी' ही बातमी माझ्या मोबाईलवर पावणेसहाला येऊन पडली. मी तेव्हा त्याच सोहळ्याला निघालो होतो आणि रिक्षा क्रांती चौकाच्या सिग्नलला अडकली होती. बातमीखाली एक ओळ होती, 'फोटो नंतर पाठवतो.'

मला आधी हसू आलं. मग ते गेलं, कारण ही विद्या या शहरात ज्यांनी रुजवली त्यांच्यात मीही एक आहे.

मी पस्तीसेक वर्षं एका दैनिकात काढली. सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडे 'सांस्कृतिक' होतं, म्हणजे नाटकं, मैफली, पुस्तक प्रकाशनं, सत्कार आणि शोकसभा. रोज टेबलावर निमंत्रणपत्रिकांची चळत पडायची. पत्रिकेवर वेळ पाचची असायची, प्रमुख पाहुणे साडेसहाशिवाय यायचे नाहीत, आणि जालना-परभणीकडं जाणाऱ्या अंकाचं पान सातला बांधून व्हायचं. मग कार्यक्रम पाहायचा कधी आणि लिहायचा कधी? त्यावर कचेरीत जुना तोडगा होता. पत्रिका समोर ठेवायची आणि 'होणार आहे'चं 'झालं' करायचं. वक्ते मौलिक विचार मांडत, गायक रसिकांना मंत्रमुग्ध करत आणि आभारप्रदर्शनानं कार्यक्रमाची सांगता होत असे. नियम एकच होता. लिहायच्या आधी सभागृहात फोन करून कार्यक्रम सुरू झालाय ना, एवढं विचारायचं. सुरू झाला म्हणजे संपणारच, अशी आमची श्रद्धा.

मला या कामाची लाज नव्हती, उलट गुर्मी होती. एकदा एका व्याख्यात्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, 'मी बोललो त्यापेक्षा तुम्ही छान लिहिलंत.' मी त्या व्याख्यानाला फिरकलोही नव्हतो. ते मी आठ दिवस ज्याला त्याला सांगत होतो.

अशातच एका दुपारी कचेरीत दोघं आले. पांढरं पागोटं आणि खांद्यावर घोंगडी असलेले एक म्हातारबा, आणि त्यांची तिशी ओलांडलेली लेक. करमाडच्या अलीकडं माळावर त्यांची वस्ती होती. तेव्हा तिकडं कारखाने आले नव्हते, चराऊ रान होतं. लेक अंगणवाडीत काम करायची, त्यामुळं बोलायचं काम तिनंच केलं.

"साहेब, ह्ये माझे बा. आज पाच वाजता त्या मोठ्या हॉलात ह्यांना गायचंय. धनगरी ओव्या."

तिनं पिशवीतून लोककला महोत्सवाची पत्रिका काढून दाखवली. ती माझ्या टेबलावरही होती. पाहुण्यांची नावं मोठ्या टायपात, कलावंतांची खाली बारीक टायपात, जागा उरली तशी.

"पेपरात ह्यांचं नाव येतं का, येवढंच इचारायला आलो," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. म्हातारबांचे गुडघे गेले होते, मेंढरांमागं चालणं बंद झालं होतं, घर तिच्या एकटीवर होतं. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं असं कळल्यावर तिनं अर्ज नेला. सरकारी कचेरीतल्या बाबूनं पुरावा मागितला. कलावंत आहे तर पेपरातली पाच कात्रणं आणा, तीही वेगवेगळ्या वर्षांची.

"बा चाळीस वर्सं गात्यात साहेब. पर बिरोबाच्या देवळात पेपरवाला कुठून यायचा?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. मी जरा मोठेपणानं म्हणालो की काळजी करू नका, पहिलं कात्रण उद्याच मिळेल. मग बातमीत काहीतरी जाणकारीचं घालावं म्हणून ओव्यांबद्दल विचारलं. तेव्हा म्हातारबा पहिल्यांदा बोलले.

"आधी सुंबरान मांडायचं. देवाची आठवन करायची. मग गोष्ट लावायची. येकदा मांडलं का पुरं केल्याबिगर उठायचं नाय." मग म्हणाले, "म्हनून दावू का?"

मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "आत्ता नको. संध्याकाळी ऐकतोच की."

संध्याकाळी मी गेलो नाही. त्या दिवशी दोन शोकसभा आणि एक चित्रप्रदर्शन होतं. सव्वासहाला सभागृहात फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "चालू झालंय, दीपप्रज्वलन चाललंय." मी लिहायला घेतलं. 'करमाड परिसरातील ज्येष्ठ गायकांनी सुंबरान मांडून ओव्यांना प्रारंभ केला आणि सभागृह भारावून गेले.' पुढं त्यांचं पूर्ण नाव. सुंबरान हा शब्द पडल्यामुळं बातमी अगदी पुढच्या रांगेत बसून लिहिल्यासारखी वाटत होती. मी खूश होऊन चहा मागवला.

चौथ्या दिवशी लेक एकटीच आली. आभार मानायला आली असेल म्हणून मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. तिनं कात्रण टेबलावर ठेवलं.

"त्ये गायलेच नाय," ती म्हणाली.

पाहुणे उशिरा आले होते. मग भाषणं झाली, मग सत्कार झाले, मग सत्काराला उत्तरं झाली. लोककला किती थोर आहे यावरच सगळे बोलले. नऊ वाजता हॉल रिकामा करायचा होता, त्यामुळं वेळेअभावी कलावंतांना मंचावर ओळीनं उभं करून नारळ आणि शाल देण्यात आली. म्हातारबांचा चुलतभाऊ ढोल घेऊन आला होता. ढोल गवसणीतून बाहेरही निघाला नाही.

माझे कान तापले. पण सवय अशी वाईट की मी लगेच म्हणालो, "जाऊ द्या ना. कात्रण तर मिळालं. अर्जाला लावून टाका, कोण विचारायला येतंय?"

"मी बी त्येच म्हनलं. बा म्हनत्यात ह्ये लावायचं नाय." मग तिनं खरी अडचण सांगितली. "अन् आता त्ये कुठंच गात नाय. पेपरात आलंय ना, सुंबरान मांडलं म्हनून? मांडलं तर त्याच जागी पुरं कराया पाह्यजे. त्याबिगर दुसरीकडं मांडता येत नाय. पुढल्या म्हयन्यात आमची जत्रा हाय. चाळीस वर्सात बा जत्रंत गायले नाय असं झालं नाय."

"अहो, पण त्यांनी कुठं मांडलं? मी लिहिलं ते."

"म्या सांगितलं. तर म्हनले, नाव कुनाचं हाय त्यात?"

ती गेल्यावर मी बराच वेळ चरफडत होतो. एवढ्या बातम्या अशाच लिहिल्या, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि हा एक म्हातारा छापलेलं खरं धरून बसला. चूक आपली असली की राग दुसऱ्याचाच येतो.

रविवारी एसटीनं गंगापूरला घरी गेलो. आमची शेती तिकडं, वडील तिथंच असायचे. वडिलांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पोलिस ॲक्शननंतर ते मराठी सराईतपणे वाचायला शिकले ते वर्तमानपत्रावरच, त्यामुळं माझं पेपरातलं काम त्यांना फार अभिमानाचं वाटायचं. अंक आला की पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. जेवताना मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"आमच्या जमान्यात जलसा करायचा तर आधी इजाजत काढावी लागायची," ते म्हणाले. "कैक जलसे झाले, पर छापून आले नाहीत. तुम्ही न झालेला जलसा छापता. लई पुढं गेलात."

मग हात धुवायला उठता उठता त्यांनी विचारलं, "म्हंजी मी जे रोज वाचतो त्यातलं किती झालेलं असतं?"

त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली, आणि ती म्हातारबांपेक्षा वडिलांची जास्त वाटली, हे कबूल केलेलं बरं.

सोमवारी मी महोत्सव भरवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांकडं गेलो. म्हटलं, एका दुपारी तासभर हॉल उघडा, म्हातारबा गातील, मीही खुर्ची मांडून ऐकतो. चिटणीस माणूस गोड होता. त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि माझीच बातमी मला दाखवली.

"हे बघा. ते गायलेत. तुम्हीच लिहिलंय. अनुदानाच्या अहवालाला आम्ही हीच जोडलीय. आता परत बोलावलं तर लोक विचारतील, तेव्हा काय झालं होतं?"

माझ्या बातमीनं मलाच दार लावलं होतं. मी तिथून निघालो तो थेट करमाडला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो.

वस्तीवर म्हातारबा बाजेवर बसून लोकर निवडत होते. मी हॉल मिळत नाही असं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी माफीचं काही ऐकलंच नाही. विचारलं, "हॉलाला पायऱ्या हायत ना?"

"आहेत."

"मग झालं. पायरी बी देवळाचीच असती."

दोन दिवसांनी भर दुपारी ते आले. लेक, ढोल वाजवणारे चुलतभाऊ आणि झांज धरायला भावकीतले दोघं. सभागृहाला कुलूप होतं. तिकीट खिडकीशेजारच्या पायऱ्यांवर त्यांनी घोंगडी अंथरली, भंडारा उधळला, ढोलाची गवसणी काढली. मी समोरच्या फुटपाथवर, कडुलिंबाच्या सावलीत बसलो. वही आणली होती.

ओवी म्हणजे नुसतं गाणं नाही. अर्धी गायची, अर्धी सांगायची, आणि सांगताना झांज थांबते. म्हातारबांनी कानावर हात ठेवून पहिला सूर लावला तेव्हा मी वही बंद केली. इतकी वर्षं 'मंत्रमुग्ध' लिहीत होतो, तो शब्द त्या वेळी आठवलाही नाही. आवाज फाटका होता, वर चढताना अडखळायचा, पण गोष्ट सोडत नव्हता. शेजारच्या कचेरीतले कारकून जेवणाचे डबे घेऊन बाहेर आले. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. एक रिक्षावाला सवारी मागं बसलेली असताना थांबला, आणि निघताना म्हणाला, "चचा, जरा ठैरो, सवारी छोड को आतूं." तो खरंच परत आला. वरच्या मजल्यावरची, संस्थेच्या कचेरीची, एक खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली.

तासाच्या वर चाललं. शेवटी म्हातारबांनी हात जोडले, घोंगडी झटकली आणि लेकीला म्हणाले, "झालं पुरं. आता जत्रंला मोकळा."

कचेरीत येऊन मी लिहिलं. 'त्या सायंकाळी ते गायले नव्हते. ती बातमी मी निमंत्रणपत्रिकेवरून लिहिली होती. काल दुपारी त्यांनी त्याच सभागृहाच्या पायऱ्यांवर ओव्या म्हटल्या, त्या मी ऐकल्या.' मग ऐकलेलं सगळं. संपादकांनी कागद वाचून चष्मा काढला.

"दुरुस्ती कशाला? तक्रार आलीय का?"

"आलीय."

"कुणाची?"

"बिरोबाची."

ते हसले, आणि हसले म्हणून छापलं गेलं. मात्र माझ्या नावानं, म्हणजे खापर माझ्यावर फुटावं असं. ते योग्यच होतं. पुढच्या महिन्यात 'सांस्कृतिक' माझ्याकडून गेलं आणि मला मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, भाव दिले. ज्वारी, कापूस, तूर. मित्र म्हणाले, तुझं वाटोळं झालं. मला तसं वाटलं नाही. तुरीचा भाव पत्रिकेवरून लिहिता येत नाही, त्यासाठी रोज मोंढ्यात जावं लागतं.

पायऱ्यांवरच्या ओव्यांचं ते कात्रण लेकीनं अर्जाला लावलं. पहिलं. आता चार वर्षांची आणखी चार लागणार होती.

मी दर वर्षी त्यांच्या जत्रेला जाऊ लागलो. सांस्कृतिकच्या पानावर मला जागा नव्हती, म्हणून मोंढ्याच्या भावांखाली चार ओळी टाकायचो. काल अमुक वस्तीवर बिरोबाच्या जत्रेत ते गायले, इतका वेळ गायले, इतकी माणसं होती. विशेषणं वापरायची नाहीत असं मी ठरवलं होतं, आणि ते दारू सोडण्याइतकं अवघड होतं. अंक वस्तीवर पोचला की लेक ते कात्रण म्हातारबांना वाचून दाखवायची. त्यांना वाचता येत नव्हतं. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि चूक असेल तर पुढच्या वर्षी मला सांगायचे. एकदा म्हणाले, "शंभर मानसं लिवली. शंभर नव्हती. साठ असतील." मी त्या दिवशी अंदाजानंच लिहिलं होतं.

दुसरं कात्रण झालं, तिसरं झालं, चौथं झालं. अर्जाला एकच कमी होतं.

पाचव्या वर्षी मी गेलो तर देवळापुढं ओवी एक तरणा धनगर म्हणत होता, म्हातारबांच्या भावकीतला. म्हातारबा खाली बसले होते, गळ्याला मफलर. लेकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीपासून त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. दवाखाना झाला, काढे झाले. बोलतात तेही कुजबुजल्यासारखं.

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. एक शब्द. 'गायले.' देवळापुढं ओव्या झाल्या, ते तिथं हजर होते, आणि चार वर्षांपूर्वी मी याहून कितीतरी मोठ्या थापा चहा पीत मारल्या होत्या. इथं तर चाळीस-पंचेचाळीस वर्षं खरंच गायलेला माणूस होता. एवढं खोटं देवही पोटात घालील, असं मला मनापासून वाटलं.

म्हातारबांनी हातानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"औंदा गायलो नाय," ते म्हणाले. "तसंच लिवा."

मी लेकीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. मी तसंच लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर मानधनाच्या सरकारी कचेरीत गेलो. बाबूला समजावून सांगायची सगळी तयारी केली होती. हे पाचवं कात्रण का असं आहे, आधीची चार बघा, आणि आवाज गेला म्हणून माणूस कलावंत राहत नाही का, असं बरंच काही. जीपमध्ये मी ते पाठच केलं होतं. बाबूनं अर्ज उलगडला. अंगठ्याला थुंकी लावून कात्रणं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटच्याचा कोपरा दुमडला होता तो सरळ केला, टाचणी लावली आणि शिक्का मारला. वाचलं एकही नाही.

"पाच आहेत. होईल काम," तो म्हणाला.

आणि झालं. दोनेक महिन्यांत मंजुरीचा कागद आला. मला आनंद झाला आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. न बघता लिहिणारा मी आणि न वाचता मंजूर करणारा तो, दोघं एकाच शाळेतले. त्याच्यामुळं या वेळी भलं झालं, एवढंच.

कागद घेऊन आम्ही वस्तीवर गेलो. लेकीनं सगळं सांगितलं, बाबूनं कशी नुसती मोजली तेही. म्हातारबांनी कुजबुजत विचारलं, "वाचलं नाय त्यांनी?"

"नाय बा."

"मग छापत्यात कशापायी?"

मी म्हणालो, "तुम्ही वाचून घेता ना, म्हणून."

त्यांनी लेकीला ते पाचवं परत वाचायला सांगितलं. त्याची एक प्रत तिनं घरी डब्यात ठेवली होती. तिनं ती काढली, उजेडात धरली आणि वाचलं, 'यंदा ते गायले नाहीत.' म्हातारबांनी मान हलवली. बातमी बरोबर होती.